फळ्यांची ओळ चुकते तेव्हा

वाघोली हे मुळात दगडाचे गाव. नगर रस्त्यालगतच्या तेथील खाणींतून निघालेल्या काळ्या दगडावर आणि खडीवर पुण्यातील कितीतरी इमारतींचे पाये उभे आहेत. आपल्या समाजातील वाचकांस हे गाव आणखी एका कारणाने परिचित आहे. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर त्या भागातील मुलांना शिक्षणासाठी पुण्यास आणण्यात आले, आणि वाघोलीतील भारतीय जैन संघटनेच्या संकुलाचे नाव घरोघरी पोहोचले. पुढे जून २०२१ मध्ये जी तेवीस गावे पुणे महापालिकेच्या हद्दीत आली, त्यांत वाघोलीही होती. आज तेथे बारा-पंधरा मजली इमारतींच्या रांगा उभ्या आहेत. भवानी पेठ, नाना पेठ, रविवार पेठ येथील जुन्या घरांतून बाहेर पडलेली आणि शिरूर, श्रीगोंदा, अहिल्यानगर येथून मुलांच्या शिक्षणासाठी आलेली अनेक व्यापारी कुटुंबे या इमारतींतून स्थिरावत आहेत.

गंमत अशी की, ज्या गावाने पुण्यास दगड पुरविला त्याच गावातील नव्या घरांत आता दगडाची फरशी नकोशी झाली आहे. निदान एका तरी खोलीत लाकडी जमीन हवी, असा आग्रह वाढला आहे. कोठे युरोपातील ओक, कोठे सागवान, तर कोठे लाकडाचा केवळ मुखवटा धारण केलेले लॅमिनेट. हौसेस मोल नसते हे खरे; परंतु आपण व्यापारी माणसे. मोल दिल्यावर माल कसा आला आणि काम कसे झाले हे पाहावयासच हवे. आणि लाकडी जमिनीच्या बाबतीत नेमके तेथेच आपले लक्ष चुकते. लाकूड कोणते, भाव काय, चकाकी किती, एवढेच आपण पाहतो. फळ्या कोणत्या क्रमाने मांडल्या हे कोणी पाहत नाही.

गेल्या वर्षी आमच्या नात्यातील एका कुटुंबाच्या वाघोलीतील नव्या घरी जाण्याचा योग आला. दिवाणखाना व मोठी शयनखोली यांत ओकच्या फळ्या बसवून चारच दिवस झाले होते आणि वास्तुप्रवेशास दहा दिवस उरले होते. घरातील पुरुषमंडळी लाकडाचे कौतुक करीत होती. सूनबाई मात्र दारातच थबकून म्हणाल्या, "काकाजी, मला ही जमीन जिन्यासारखी का दिसते?" खाली वाकून पाहिले तर त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. एका ओळीतील फळी जेथे संपली, तेथून चार बोटांवर दुसऱ्या ओळीतील फळी संपलेली, तिच्यापुढे चार बोटांवर तिसरी. अशा सात-आठ पायऱ्या खिडकीपासून थेट दारापर्यंत चढत गेल्या होत्या. पलीकडे भिंतीलगत हात-दीड हात लांबीचे तुकडेच तुकडे एकत्र आले होते, आणि एका कोपऱ्यात गडद रंगाच्या दहा-बारा फळ्यांचा पुंजका ओल्या डागासारखा दिसत होता. ठेकेदाराने हसून सांगितले, "भाभी, लाकूड आहे, नैसर्गिक वस्तू आहे. प्रत्येक फळी वेगळी असणारच." सासरे म्हणाले, "जाऊ द्या, वर गालिचा टाकू."

या दोन्ही उत्तरांचा थोडा विचार करू. प्रत्येक फळी वेगळी असते हे ठेकेदाराचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. परंतु म्हणूनच तर ती कोठे ठेवावयाची हे ठरवावे लागते. सगळ्या फळ्या एकसारख्या असत्या तर मांडणीचा प्रश्नच उद्भवला नसता. राहिला गालिचा. ओकसारखे लाकूड उजेडाने हळूहळू रंग बदलते. गालिच्याखालील भाग झाकलेला राहतो, बाहेरचा भाग पिकत जातो, आणि दोन वर्षांनी गालिचा उचलला की एक फिकट चौकोन जमिनीवर उमटलेला असतो. एक दोष झाकण्यासाठी दुसरा विकत घेतल्यासारखे ते होते.

आता मांडणीचे शास्त्र. लाकडी जमिनीच्या फळ्या साधारणपणे कमी-अधिक लांबीच्या येतात. लांबीच्या दोन्ही कडांना नर-मादी खाच असते, त्यामुळे ओळी एकमेकींत अडकतात. प्रश्न असतो तो टोकांच्या सांध्यांचा. शेजारच्या दोन ओळींतील टोकांचे सांधे किमान सहा इंच दूर असावेत. फळी चार-पाच इंच रुंद असेल तर आठ-दहा इंच, असा जाणकारांचा नियम आहे. काही कंपन्या आपल्या पत्रकात एक फुटाचे अंतर सांगतात. एक ओळ सोडून पुढच्या ओळीतील सांधा पहिल्याच्या अगदी समोर आला तर तीन ओळींत मिळून शिडीच्या एका पायरीचा आकार तयार होतो, तोही टाळावा. सांधे समान अंतराने सरकत गेले तर जिना दिसतो. एकाआड एक ओळींत सांधे तंतोतंत मध्यावर आले तर विटांची भिंत दिसते. नजरेस सुखद वाटते ती अशी मांडणी, की जिच्यात नजरेला कोणतीच ओळ सापडत नाही. सहज पडल्यासारखे दिसावे यासाठी मुद्दाम कष्ट घ्यावे लागतात, हा या कामातील विरोधाभास आहे.

यात दिसण्याचा भाग किती आणि मजबुतीचा किती, हेही प्रामाणिकपणे सांगावयास हवे, कारण या बाबतीत दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती होते. फळ्या लाकडी पट्ट्यांवर खिळ्यांनी ठोकलेल्या असतील तर जवळजवळ आलेले सांधे ही खरी दुर्बलता आहे. पाय पडला की तो भाग दबतो, कालांतराने कुरकुरतो. खाली पातळ फोम अंथरून एकमेकींत अडकविलेल्या तरंगत्या जमिनीत सांधे जवळ आले तर खाचांवर ताण येतो आणि फटी उघडतात. मात्र इंजिनिअर्ड वुडच्या फळ्या थेट काँक्रीटवर चिकटविल्या असतील तर मजबुतीस फारसा धोका नसतो. तेथे दोष मुख्यतः नजरेचा. आमच्या नातलगांची जमीन तरंगती होती, म्हणून त्यांच्या बाबतीत दोन्ही प्रश्न उभे होते.

असे का घडते? मिस्त्री आळशी असतो म्हणून घडते, असे म्हणणे सोपे आहे, परंतु ते न्यायाचे होणार नाही. आपल्याकडील बहुतेक कारागीर फरशीच्या कामातून लाकडाच्या कामाकडे आले आहेत. शहाबादी, मोझेक, पुढे व्हिट्रिफाइड टाइल या सर्वांत सांधा सरळ रेषेत येणे हीच कसोटी असते. चार कोपरे एका बिंदूत मिळाले की मालक शाबासकी देतो. तोच हात, तीच नजर लाकडावर आली की सांधे नियमाने पडू लागतात, आणि लाकडात नियम म्हणजेच दोष. शिवाय मजुरी चौरस फुटावर ठरलेली असते. खोका उघडावयाचा, वरची फळी घ्यावयाची, अडकवावयाची, ठोकावयाची; ओळीच्या शेवटी जो तुकडा उरला तो पुढच्या ओळीच्या आरंभी लावावयाचा. ही शेवटची पद्धत वाईट नाही, तिने माल वाचतो. पण उरलेला तुकडा प्रत्येक वेळी साधारण तितक्याच फरकाने लहान होत जातो आणि जिना आपोआप तयार होतो. एका खोक्यात एकाच छटेच्या किंवा आखूड लांबीच्या फळ्या भरलेल्या असल्या तर त्याचा पुंजका खोलीत जसाच्या तसा उतरतो.

यावर उपाय एकच आहे आणि त्याला एक सकाळ लागते. तीन-चार खोकी एकदम उघडून फळ्या मिसळाव्यात. खिळा, गोंद काहीही न लावता सात-आठ ओळी जमिनीवर नुसत्या मांडून पाहाव्यात. उभे राहून, दारातून, खिडकीकडे तोंड करून पाहावे. मोठी गाठ असलेली किंवा फार गडद फळी कपाटाखाली जाईल अशी ठेवावी, दारात नको. आखूड तुकडे खोलीभर विखुरावेत. खरोखरच सदोष फळी बाजूस काढावी, कारण बहुतेक कंपन्यांच्या हमीपत्रात एक वाक्य असते आणि ते कोणी वाचत नाही: डोळ्यांना दिसणारा दोष असलेली फळी एकदा बसविली, की ग्राहकाने ती स्वीकारली असे समजले जाते.

पुण्यास लाकडाची ही जाण नवी नव्हती. शनिवारवाड्याचा पाया १७३० साली घातला गेला; त्यासाठी जुन्नरच्या रानातून सागवान आणले, असे सांगितले जाते. १८२८ च्या आगीत त्या लाकडी वैभवाची राख झाली, तरी विश्रामबागवाड्यात जुन्या सुतारकामाची कल्पना आजही येते. पेठांतील साध्या वाड्यांतही वरच्या मजल्याची जमीन कडीपाटाची असे. खाली तुळया, त्यांवर आडव्या कड्या, कड्यांवर पाट, आणि वर मातीचा थर. फळीचे टोक कडीवरच टेकले पाहिजे, अधांतरी नको, हे सुतारास शिकवावे लागत नसे. आपल्यापैकी ज्यांचे बालपण पेठेतील वाड्यात गेले, त्यांनी त्या कडीपाटाखाली झोपून छताच्या फळ्या मोजल्या असतील. ती जाण हळूहळू हरपली, कारण मधल्या पन्नास वर्षांत आपण लाकडावर चालणेच सोडून दिले.

भिंतीशी होणारी चूक निराळी. समजा खोली बारा फूट रुंद आहे आणि फळी साडेसात इंचांची. बारा फूट म्हणजे १४४ इंच. लाकूड पावसाळ्यात फुगते, म्हणून दोन्ही भिंतींलगत अर्धा-अर्धा इंच जागा सोडावयाची. ती नंतर स्कर्टिंगखाली झाकली जाते. उरले १४३ इंच. एका भिंतीपासून पूर्ण फळीने आरंभ केला तर एकोणीस ओळींत १४२.५ इंच भरतात आणि दुसऱ्या भिंतीशी उरते अर्ध्या इंचाची चिंधी! ती धड बसत नाही, बसली तर टिकत नाही. मिस्त्रीने आरंभीच हिशेब केला असता तर अठरा पूर्ण ओळींचे १३५ इंच वजा करून उरलेले आठ इंच दोन्ही बाजूंस चार-चार इंच वाटता आले असते. दोन मिनिटांचे गणित आहे. आपल्या घरांत हिशेबाची कमतरता नसते. परंतु पेढीवर पै-पैचा मेळ घालणारा माणूस स्वतःच्या घराच्या भिंतीशी हा मेळ घालत नाही. भिंतीही नेहमी गुण्यात नसतात, म्हणून पहिली ओळ भिंतीला नव्हे, ताणलेल्या दोरीला समांतर लावावी.

हवामानाचा मुद्दा थोडक्यात सांगतो, कारण मांडणी उत्तम असूनही जमीन बिघडते ती येथे. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवेतील आर्द्रता अनेकदा तीस टक्क्यांच्या खाली असते आणि श्रावणात ऐंशीच्या वर जाते. परदेशी फळ्या वाळवून, साधारण ६ ते ९ टक्के ओलाव्यावर बंद होऊन येतात. अशी खोकी जुलैत आणून दुसऱ्याच दिवशी बसविली तर फळ्या फुगून मध्ये उचलल्या जातात. म्हणून माल काही दिवस त्याच खोलीत राहू द्यावा. नव्या इमारतीच्या स्लॅबमध्ये तर ओल महिनोन्महिने असते. दीड फूट चौरस प्लास्टिकचा कागद जमिनीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने पक्का लावून किमान सोळा तास ठेवावा. खाली घाम आला किंवा काँक्रीट काळवंडले तर काम थांबवावे. सागवान ओकपेक्षा बरेच कमी फुगते-आकसते, ही गोष्ट आपल्या जुन्या सुतारांच्या बाजूने बोलणारी आहे. मात्र ब्रह्मदेशाने १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केल्यानंतर अस्सल बर्मा साग म्हणून जे विकले जाते त्याची चौकशी केल्याशिवाय पैसे मोजू नयेत, हे टिंबर मार्केटमध्ये ज्यांचे येणे-जाणे आहे त्यांस सांगावयास नको.

आता पैशाचा व कागदाचा विषय. आपल्या घरांत अशी कामे ओळखीतल्या माणसाकडे जातात. तो मेहुण्याचा मित्र असतो, किंवा समाजाच्या कार्यक्रमात भेटलेला. करारपत्र करणे संकोचाचे वाटते. काम बिघडले की मग बोलणेही अवघड होते. माल देणारा म्हणतो काम चुकले, काम करणारा म्हणतो माल असाच आला. म्हणून कामाच्या आदेशात चार ओळी असाव्यात: सांध्यांतील किमान अंतर किती, आरंभ कोणत्या भिंतीपासून, सदोष फळ्या निवडून काढण्याची जबाबदारी कोणाची, आणि पहिल्या दहा ओळी मालकास दाखविल्याशिवाय पुढे जाणार नाही. लाकडी जमिनीच्या कामासाठी भारतीय मानक ब्युरोची आयएस ३६७० ही संहिता आहे. तिचा उल्लेख करण्यास काहीच खर्च येत नाही. माल मागविताना क्षेत्रफळाहून सात ते दहा टक्के अधिक मागवावा. १८० चौरस फुटांच्या खोलीस दोनशे फूट. तेवढा जादा माल नसेल तर मिस्त्री सदोष फळीसुद्धा बसविणारच, दुसरे काय करील?

जमीन विकासकानेच बसवून दिली असेल तर स्थावर संपदा (नियमन व विकास) कायदा, २०१६ याच्या कलम १४(३) चा आधार आहे. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत कामातील किंवा दर्जातील दोष लक्षात आणून दिल्यास तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून देणे विकासकावर बंधनकारक आहे. ताबा घेताना लाकडी जमीन पाहावयाची ती दिवसा, दिवे बंद करून, खिडकीच्या तिरप्या उजेडात. आणि दोष ताबापत्रावर लिहून द्यावयाचे.

आपण स्वतः ठेकेदार नेमला असेल तर मार्ग ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चा. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. आपण राहतो त्या जिल्ह्यातील आयोगाकडेही ती करता येते. दिलेला मोबदला पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग पुरेसा आहे, आणि पाच लाखांपर्यंत शुल्कही लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. येथे व्यापारी कुटुंबांनी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. घरच्या जमिनीचे बिल पेढीच्या नावे घेण्याची सवय आपल्यात आहे. जीएसटीचा परतावा मिळेल अशी अपेक्षा असते. वैयक्तिक उपभोगाच्या वस्तूवर तो परतावा कायद्याने मिळतच नाही. उलट तक्रारीची वेळ आली की समोरचा पक्ष बिलाकडे बोट दाखवून म्हणतो, ही खरेदी व्यापारी हेतूने झाली, हे ग्राहकच नव्हेत. बिल राहणाऱ्या माणसाच्या नावे, पक्के, आणि मालाचे व मजुरीचे स्वतंत्र आकडे दाखविणारे घ्यावे.

आमच्या नातलगांचे प्रकरण आयोगापर्यंत गेले नाही. शेवटची तीस टक्के रक्कम देणे बाकी होते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे सूनबाईंनी दारातून, खिडकीतून व मोजपट्टी ठेवून छायाचित्रे काढून ठेवली होती. सासऱ्यांना ठेकेदाराशी संबंध बिघडू द्यावयाचे नव्हते. ठेकेदारासही समाजात नाव राखावयाचे होते. सासरे प्रथम सुनेवर थोडे नाराज झाले, "मुहूर्ताच्या तोंडावर हे कशाला?" पण तिने शांतपणे विचारले, "बाबा, दुकानात आपण गिऱ्हाइकाला असे कापड दिले असते का?" त्यावर ते गप्प झाले. तरंगती जमीन असल्याने फळ्या सोडविणे शक्य होते. स्कर्टिंग काढून दारापर्यंतच्या ओळी उकलल्या, काही फळ्यांच्या खाचा मोडल्या त्या बाद केल्या, आणि नवी दोन खोकी आणून दिवाणखान्याचा अर्धा भाग पुन्हा मांडला. मजुरी ठेकेदाराने सोसली, खोक्यांचे पैसे उभयतांनी निम्मे-निम्मे दिले. शयनखोलीतील दोष पलंगाखाली जाणारा होता, तो तसाच ठेवला. मला हा तोडगा योग्य वाटला. मिस्त्री विशीतला बिहारी मुलगा होता. दुसऱ्या वेळी फळ्या नुसत्या मांडून झाल्यावर तो स्वतःच दारात जाऊन उभा राहिला आणि दोन फळ्यांची अदलाबदल करून आला. त्याला हे आधी कोणी सांगितलेच नव्हते.

जमीन झाल्यानंतरची निगा सोपी आहे, आणि आपल्या घरांच्या रीतीस जुळणारी. मऊ झाडूने हलक्या हाताने झाडावे. पाण्याने भिजलेला पोछा फिरवू नये, घट्ट पिळलेले फडकेच वापरावे. फटींत पाणी व अन्नाचे कण राहिले की मुंग्या येतात, आणि मग औषध फवारण्याचा प्रश्न उभा राहतो, जो आपल्यापैकी कोणासच नकोसा असतो. घट्ट बसलेल्या सांध्यांच्या जमिनीत तो प्रसंग क्वचितच येतो. वाळवीसाठीची खबरदारी बांधकामाच्या वेळीच घेतली गेली आहे का, हे आरंभीच विचारून घ्यावे.

काम संपल्यावर उरलेल्या फळ्या ठेकेदार गाडीत भरू लागतो. त्या आपल्या पैशाच्या असतात. निदान एक खोके, त्यावरचा लॉट क्रमांक न फाडता, माळ्यावर आडवे ठेवून द्यावे. पाच वर्षांनी एखादी फळी बदलण्याची वेळ आली तर तीच छटा बाजारात मिळत नाही.